लेकरू तिसरीत आहे म्हणतेस म्हणून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दर्यापूरजवळचं गाव, अमरावतीत एम.एस्सी., मग पीएचडी. आता म्युनिकजवळ मार्टिन्सरीडला क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं, म्हणजे गोठवलेल्या पेशी इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळतंय, नवरा सोबत येतोय, लेकरू तिसरीत, जाऊ का? व्हिसा, विमा, पगार हे दूतावासाच्या पानावर आहे, तिथेच वाच.

कामाबद्दल शंका ठेवू नकोस. पेशी द्रव इथेनमध्ये इतक्या झपाट्याने गोठवायची की पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं. झाक दुबोशे यांना 2017 चं नोबेल मिळालं ते यासाठी. मग आयनांच्या झोताने दीड-दोनशे नॅनोमीटरचा पापुद्रा कोरायचा आणि तिरपा करत करत त्याची चित्रं घ्यायची. पेशीतल्या पडद्याला चिकटलेले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, मला पहिल्यांदा दिसले, तेव्हा गावी फोन केला. बाबा म्हणाले, "काय पायतं तू त्या मशीनीत?" म्हटलं, बोंड न फोडता आतली सरकी पाहते. "मंग अळीबी दिसत असन," ते म्हणाले.

कागद मात्र आजच काढ. माझ्या टी.सी.वर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात माझ्या नावात एक एच जास्त. त्या एका अक्षरापायी बाबा ऐन पेरणीत चारदा तालुक्याला गेले. दर वेळी साहेब मीटिंगमध्ये. पाचव्यांदा कळलं, अर्ज दुसऱ्याच टेबलावर द्यायचा होता. मला अजून राग आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पोळ्याला जास्त. सवय होते.

शाळेचं नीट ऐक. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच मुलाची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर साधारणपणे सरळ गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिथे 1 हा सर्वांत वरचा गुण. आम्ही 2011 ला आलो तेव्हा माझाही तिसरीत होता. गणितात 1 आणायचा. पण परिसर अभ्यासाचे प्रश्नही जर्मनमध्येच. सरासरी 3 आली. मार्च 2013 मध्ये बाईंनी पालकांना बोलावलं, आणि नेमकी तेव्हाच मला 300 किलोव्होल्टच्या मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर दोन दिवसांची पाळी मिळाली, तीन महिने वाट पाहिल्यावर. मी यंत्रावर बसले. नवरा गेला. त्याला भाषा येत नव्हती. मान हलवून, सही करून आला. मूल मिटेलशूलला, म्हणजे हातच्या कामधंद्याकडे नेणाऱ्या शाळेत, गेलं. तीन दिवसांची चाचणी-शिकवणी मागता येते, ती पार केली तर गिम्नाझियम मिळू शकतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

आता तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, चांगलं कमावतो, माझ्याशी प्रेमाने बोलतो. त्या दोन दिवसांतलं चित्र माझ्या शोधनिबंधात पहिलंच आहे. ते मी त्याला कधी दाखवलं नाही.

बंगळूरला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात आता 300 किलोव्होल्टचं क्रायो-यंत्र आहे. मी निघाले तेव्हा नव्हतं. तिथेही विचारून बघ. यायचंच ठरलं तर लेकराला जर्मन आजपासून लाव, आणि चौथी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात दुभाषी घेऊन बाईंना भेट. तू स्वतः जा.