भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे नुकसान: अनामतीतून वळते करावे की विम्याचा दावा करावा?

आपण विचारले आहे की, भाडेकरू गावी गेलेले असताना आपल्या फ्लॅटमधील सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला, रात्रभर पाणी वाहून किचन ट्रॉल्या आणि कपाट फुगले, दुरुस्तीचा अंदाज ८५,००० रुपये आहे. तर ५०,००० रुपयांची अनामत कापून घ्यावी की घराच्या विम्याचा दावा करावा?

माझ्या मते दावा करावा आणि अनामतीला हात लावू नये. अनामत असते ती भाडेकरूच्या हयगयीसाठी. जुना पाइप आपण बसवलेला होता आणि तो आपोआप फुटला असेल, तर त्याचा भुर्दंड त्या कुटुंबावर टाकणे न्याय्य नाही.

आपली पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असेल, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली प्रमाणित गृहविमा पॉलिसी, तर पाइप फुटून झालेले नुकसान तिच्यात समाविष्ट आहे. महिनोन्‌महिने झिरपून आलेली ओल आणि वापरातली झीज मात्र त्यात येत नाही, त्यामुळे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा तज्ज्ञ, नेमका हाच फरक शोधतो. पक्क्या बसवलेल्या ट्रॉल्या इमारतीचा भाग मानल्या जातात, तर सुटे कपाट घरातील सामानाचा विमा घेतलेला असेल तरच धरले जाते. भाडेकरूचे स्वतःचे सामान आपल्या पॉलिसीत येत नाही, आणि खालच्या मजल्यावरील छताचे पोपडे निघाले असतील तर तो खर्चही, वेगळे दायित्व संरक्षण (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा) नसल्यास, आपल्यालाच करावा लागेल. घर राहण्यायोग्य उरले नसेल, तर बुडालेल्या भाड्याची तरतूद मात्र याच पॉलिसीत आहे. ती मागायला बरेच मालक विसरतात.

कंपनीला आजच कळवा, कारण उशीर आपल्याच अंगाशी येतो. माझ्याकडून २०२२ मध्ये नाशिकच्या फ्लॅटबाबत याहून मोठी चूक झाली. भाडेकरूंकडे तान्हे बाळ होते, म्हणून मी सर्व्हेअर येण्याआधीच सुताराकडून ट्रॉल्या बदलून घेतल्या आणि कडा पापडासारख्या सुटलेला जुना प्लाय भंगारवाल्याला देऊन टाकला. दाखवायला माझ्याकडे एकच फोटो उरला आणि त्यात पाण्याची रेषासुद्धा दिसत नव्हती. ट्रॉल्यांची रक्कम दाव्यातून वगळली गेली. म्हणून पाणी बंद करणे, उपसणे एवढे जरूर करा, पण फुटलेला पाइप आणि फुगलेला प्लाय जपून ठेवा, आणि भाडेकरूकडून घटनेची तारीखवार हकिगत लिहून घ्या.

मोटारीच्या विम्यासारखा नो क्लेम बोनस (वर्षभर दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सवलत) घराच्या विम्यात सहसा नसतो, त्यामुळे त्या भीतीने मागे राहू नये. भरपाई दिल्यावर तेवढी कमी झालेली विमा रक्कम पूर्ववत करण्यासाठी उरलेल्या मुदतीचा प्रमाणशीर हप्ता कापला जातो, तो हिशेबात धरा. वगळलेल्या बाबी काढून हाती आठ-दहा हजारच येणार असतील, तर मी स्वतः दावा करणार नाही. आपल्या बाबतीत तसे दिसत नाही.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) विनाशुल्क जाता येते, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत.