वापरलेल्या दुर्बिणीत दोष निघाला, तर पैसे परत मागता येतात का?

महागडे कॅमेरे, लेन्स, घड्याळे आणि दुर्बिणी यांच्या खाजगी व्यवहारांबद्दल येणारी बहुतेक पत्रे 'त्यापेक्षा नवीच घ्यायला हवी होती का?' या प्रश्नावर येऊन थांबतात, आणि या वेळचे पत्रही त्याला अपवाद नाही. पत्रलेखकाने पक्षिनिरीक्षणासाठी एका नामांकित युरोपीय बनावटीची १०×४२ दुर्बीण ऑनलाइन जाहिरात पाहून एका हौशी निरीक्षकाकडून घेतली. जाहिरातीत 'नव्यासारखी, कधीही उघडलेली नाही, कंपनीची वॉरंटी शिल्लक' असे शब्द होते. दिवसाउजेडी दहा मिनिटे पाहून पैसे दिले गेले. तिसऱ्या आठवड्यापासून दुर्बीण लावली की डोके दुखू लागले, आणि दोन महिन्यांनी अधिकृत सेवा केंद्राने लेखी अहवाल दिला: उजव्या नळीतील प्रिझम जागेवरून सरकले आहे, दुर्बीण पूर्वी अनधिकृतपणे उघडली गेली आहे, आतला नायट्रोजन निघून गेल्याने दमट हवा शिरून काचेवर बुरशी धरू लागली आहे, आणि वॉरंटी लागू नाही, ती मुळातही पहिल्या खरेदीदारापुरतीच होती. हा अहवाल हातात पडल्यावर पत्रलेखकाने विक्रेत्याला काहीही कळवले नाही. 'वाद कशाला वाढवा' असे म्हणून त्यांनी दुर्बीण 'उत्तम अवस्थेत' या शब्दांत स्वतःच विक्रीला लावली, तीन महिने गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि मग विक्रेत्याला पहिला संदेश पाठवला. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे आहे: 'तुम्ही बघून घेतलीत.'

विक्रेत्याच्या त्या ओळीला तुम्ही घाबरला आहात, पण तिच्यात फारसा दम नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, आणि हे बंधन दुकानदाराइतकेच खाजगी विक्रेत्यावरही आहे. वस्तू डोळ्यांनी पाहिली होती एवढ्याने ते सुटत नाही, कारण 'कधीही उघडलेली नाही' हे वाक्य दहा मिनिटांत पाहून पडताळता येण्यासारखे नव्हते. तुमचे प्रकरण अडते ते दुसरीकडे, म्हणजे अहवालानंतरच्या तीन महिन्यांवर.

कलम ४२ सांगते की, खरेदीदाराने माल स्वीकारल्याचे विक्रेत्याला कळवले, किंवा माल ताब्यात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे कोणतेही कृत्य केले, किंवा नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल स्वतःजवळ ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. यांपैकी एकच गोष्ट पुरेशी असताना तुम्ही दोन केल्या आहेत. दोष लेखी कळल्यानंतर तीन महिने गप्प बसलात, आणि त्याच काळात ती वस्तू मालक या नात्याने बाजारात मांडलीत. एकदा स्वीकार झाला की कलम १३(२) प्रमाणे शर्तीचा (जिच्या भंगाने माल नाकारता येतो अशा मुख्य अटीचा) भंग हा केवळ हमीचा (जिच्या भंगाने फक्त भरपाई मिळते अशा दुय्यम अटीचा) भंग म्हणून मांडता येतो. दुर्बीण परत देऊन पूर्ण रक्कम मागण्याचा अधिकार उरत नाही, करारातच तशी वेगळी तरतूद केलेली असेल तर गोष्ट निराळी. तुमच्या संदेशांमध्ये मला तशी तरतूद कुठेही दिसली नाही. पैसे परत मिळतील का, या प्रश्नाला माझे उत्तर 'बहुतेक नाही' असे आहे, आणि अहवालाच्या दुसऱ्या दिवशी 'मी ही दुर्बीण नाकारत आहे, घेऊन जा' एवढे दोन शब्द लिहिले असते तर ते वेगळे असते. कलम ४३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, नाकारलेला माल पोहोचवून देण्याचीही जबाबदारी खरेदीदारावर नसते. नुसते कळवणे पुरते.

अहवालापूर्वीच्या दोन महिन्यांची मात्र मला तितकी चिंता नाही. दोन नळ्यांची प्रकाशरेषा थोडीशी ढळली असेल तर डोळ्यांचे स्नायू ती चूक ताण घेऊन भरून काढतात, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत चित्र एकच आणि स्वच्छ दिसते. त्रास कळतो तो तासन्‌तास वापरल्यावर, डोकेदुखीच्या रूपाने. हा दोष साध्या पाहणीत उघड होणारा नव्हता, असे सेवा केंद्राच्या तंत्रज्ञाकडून एका वाक्यात लिहून घेतलेत तर तो काळ वाजवी तपासणीत मोडतो असे ठामपणे म्हणता येईल.

हे वाचून होताच तुमची विक्रीची जाहिरात काढून टाका. सदोष असल्याचा लेखी अहवाल खिशात ठेवून तुम्ही 'उत्तम अवस्थेत' असे लिहिले आहे, आणि उद्या त्या शब्दांवर विसंबून कुणी पैसे दिले, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खालील फसवणुकीचा आरोप तुमच्यावर येईल. तोही तुमच्या विक्रेत्यापेक्षा अधिक भक्कम पुराव्यासह, कारण त्याला दोष ठाऊक होता की नाही हे अजून सिद्ध व्हायचे आहे आणि तुम्हाला तो ठाऊक होता हे कागदावरच आहे. काढण्यापूर्वी तिची प्रत जपून ठेवा. ती तुमच्या विरोधात जाणारी असली तरी पुरावा नष्ट केल्याचा ठपका त्याहून महाग पडतो.

आता फसवणुकीचा मार्ग तुम्हाला उपलब्ध आहे का? करार अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे फसवणुकीने मिळवलेल्या संमतीचा करार रद्द करता येतो, आणि विक्रेत्याने स्वतःच दुर्बीण उघडून घेतल्याचे दुरुस्तीचे बिल किंवा संदेश सापडला, तर बाजू बळकट होईल. पण तोही कदाचित दुसरा किंवा तिसरा मालक असेल आणि त्याने ऐकीव माहितीच जाहिरातीत उतरवली असेल. शिवाय सत्य कळल्यानंतर वस्तू आपलीच मानून विकायला काढणाऱ्याने करार कायम केला, असा युक्तिवाद इथेही येणारच. म्हणून फसवणुकीचा मुद्दा नोटिशीत जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर बसू नये. पोलिसांकडे धाव घेण्याचा विचार तूर्त मनातून काढून टाका.

जो दावा खात्रीने उभा राहतो तो मालविक्री अधिनियमाच्या कलम ५९ खालील नुकसानभरपाईचा, आणि तुम्ही विचारलेल्या पुनर्विक्री किमतीला इथेच खरे महत्त्व येते. भरपाईचा हिशोब करार अधिनियमाच्या कलम ७३ वरून होतो: वर्णनाप्रमाणे, म्हणजे न उघडलेल्या आणि वॉरंटी असलेल्या त्याच प्रतिरूपाच्या (मॉडेलच्या) वापरलेल्या दुर्बिणीला व्यवहाराच्या दिवशी जी किंमत आली असती, तिच्यातून प्रत्यक्षात मिळालेल्या सदोष दुर्बिणीची किंमत वजा करायची. नव्या दुर्बिणीची छापील किंमत या हिशोबात येत नाही, आणि तुम्ही पत्रात नेमकी तीच धरली आहे. त्यामुळे त्या सुमारास त्याच प्रतिरूपाच्या झालेल्या विक्रीच्या नोंदी गोळा करा. जाहिरातीतील मागणीच्या किमती कमी वजनाच्या असतात, झालेल्या व्यवहारांच्या अधिक. उच्च प्रतीच्या दुर्बिणींची किंमत पहिल्या खरेदीनंतर एकदा घसरते आणि नंतर बराच काळ टिकते. उत्पादकाने नवी पिढी बाजारात आणली की पुन्हा खाली येते. स्वारोव्हस्कीने २०२० मध्ये 'एनएल प्युअर' मालिका आणली, त्यानंतर खरेदीदार जुन्या दुर्बिणींची तुलना आपोआप तिच्याशी करू लागले. अशी घसरण विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. वॉरंटी नसणे, नळी उघडलेली असणे आणि बुरशी यांमुळे पडलेला फरक तेवढा मागता येतो. दुरुस्ती शक्य असेल तर तिचा लेखी अंदाज घ्या, कारण नुकसान कमी करण्याचे साधन हाताशी होते का, हेही कलम ७३ पाहायला लावते. मात्र विक्रेत्याला तपासणीची लेखी संधी देण्यापूर्वी दुरुस्ती करून घेऊ नका, आणि तोपर्यंत दुर्बीण सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी न्यायालयाच्या तारखांची वाट पाहत नाही. ती काचेवरच्या लेपनाला खाऊ लागली की 'ही तुमच्याकडेच वाढली' असे विक्रेता म्हणेल, आणि ते खोडून काढणे अवघड होईल.

दाद कुठे मागायची याबद्दल मी सावध राहतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि वकीलही लागत नाही. पण एकदाच आपली वस्तू विकणारी खाजगी व्यक्ती त्या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरेल का, यावर आक्षेप येईल आणि तो टिकूही शकेल. त्याच विक्रेत्याच्या इतर दुर्बिणींच्या जाहिराती सापडल्या तर चित्र बदलते. त्या आत्ताच जपून ठेवा. नाहीतर दिवाणी दावा आहे, ज्याला करारभंगापासून तीन वर्षांची मुदत मिळते. ज्या तक्रारीत वस्तूची तपासणी लागते ती पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे ग्राहक कायदा म्हणतो. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवतो तेव्हा ते आनंदाने वही काढतात, आणि मला त्यांना ती परत ठेवायला सांगावे लागते.

नवी की वापरलेली, या प्रश्नाला कायद्यापुरते माझे उत्तर असे की, वस्तूच्या वयापेक्षा ती कुणाकडून घेतली याने अधिक फरक पडतो. त्या प्रकारच्या मालाचा व्यवसाय करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे, ही मालविक्री अधिनियमाच्या कलम १६(२) ची गर्भित (न लिहिताही लागू होणारी) शर्त तुम्हाला नव्या दुर्बिणीवर मिळते, आणि अशा व्यावसायिकाकडून घेतलेल्या वापरलेल्या किंवा प्रदर्शनात ठेवलेल्या नगावरही, त्याच्या वयाला साजेशा प्रमाणात, मिळते. खाजगी विक्रेत्याकडून ती मिळत नाही. दुसरी पाहण्याची गोष्ट वॉरंटीपत्रातील एक वाक्य: वॉरंटी कुणाला दिली आहे? व्होर्टेक्ससारख्या एखाद्या उत्पादकाची वॉरंटी वस्तूबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. जिथे ती पहिल्या खरेदीदारापुरतीच आहे तिथे 'वॉरंटी शिल्लक' या शब्दांना पुढच्या खरेदीदारासाठी काहीही किंमत नसते, मूळ पावती सोबत असली तरी. तुम्ही पैसे देण्यापूर्वी ते वाक्य उत्पादकाच्या संकेतस्थळावर वाचले असते तर हा अर्धा वाद उद्भवलाच नसता. वापरलेलीच घ्यायची तर अनुक्रमांक उत्पादकाकडे तपासावा, समोरच्या भिंगातून विजेरीचा प्रकाश टाकून आत जाळीसारखे धागे दिसतात का ते पाहावे, आणि 'दहा दिवसांत अधिकृत सेवा केंद्राच्या तपासणीत दोष आढळल्यास वस्तू परत, पूर्ण रक्कम परत' असे एक वाक्य संदेशातच मान्य करून घ्यावे. कलम १३(२) ज्या वेगळ्या तरतुदीला वाव ठेवते, ती हीच. जो विक्रेता हे वाक्य मान्य करायला तयार नसतो, त्याच्या नकारातच पुरेसे उत्तर मिळते.

तुमच्यापुरते सांगायचे तर, या आठवड्यात विक्रेत्याला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवा. तीत जाहिरातीतील तिन्ही विधाने शब्दशः उद्धृत करा, सेवा केंद्राचा अहवाल जोडा, दुर्बीण तपासण्यासाठी पंधरा दिवस द्या, आणि किमतीतील फरक किंवा दुरुस्तीचा खर्च यांपैकी वाजवी ठरेल ती रक्कम मागा. पूर्ण परताव्याची मागणी पर्यायी म्हणून घालण्यास हरकत नाही. त्याची मूळ जाहिरात आणि सर्व संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन बदलू नका, कारण ते न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. विक्रेत्याने नोटिशीनंतर काही रक्कम देऊ केली आणि ती दुरुस्तीच्या अंदाजाच्या जवळपास असेल, तर ती लेखी तडजोडीवर दोघांच्या सह्या घेऊन स्वीकारावी, असे माझे मत आहे.