न्यूट्रॉन मोजायची नोकरी असते का?

प्रश्न : मुलगी सोलापुरात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. भाच्याच्या मेंदूतल्या गाठीसाठी प्रोटॉन थेरपीचा विचार चालला होता, तेव्हा तिने त्यावर बरंच वाचलं. आता म्हणते, उपचाराच्या वेळी इकडेतिकडे जाणारे न्यूट्रॉन मोजायचं काम मला करायचंय. अशी नोकरी असते का? आणि मुलीच्या जातीने रेडिएशनजवळ जावं का? उद्या लग्न, मुलंबाळं आहेत. – एक पालक

उत्तर : नमस्कार. ‘न्यूट्रॉन मोजणारा पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला कुठे दिसणार नाही. हे काम मेडिकल फिजिसिस्टच्या, म्हणजे उपचारातल्या किरणांची मात्रा तपासणाऱ्या भौतिकतज्ज्ञाच्या, वाट्याला येतं, तेही त्याच्या इतर दहा कामांबरोबर. त्यामुळे मुलीने ते पद डोळ्यांसमोर ठेवावं.

तिला यात काय दिसलं ते मात्र समजून घ्या. प्रोटॉनचा झोत गाठीत जाऊन थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. त्याची ख्याती त्यासाठीच आहे. पण वाटेत काही प्रोटॉन यंत्राच्या भागांतल्या आणि खुद्द रुग्णाच्या शरीरातल्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते गाठीपासून लांबच्या अवयवांपर्यंतही पोचतात. मात्रा थोडी असते, पण १ एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपासच्या न्यूट्रॉनचा धोका मोजताना तीच मात्रा क्ष-किरणांच्या सुमारे वीसपट धरतात. रुग्ण लहान मूल असेल तर पुढे आयुष्य पडलेलं असतं, आणि या किरणांमुळे दुसरा कॅन्सर होईल का हा प्रश्न उरतो. किरणोत्सर्गाचे जीवशास्त्रज्ञ एरिक हॉल यांनी २००६ मध्ये जुन्या, झोत विखरून देण्याच्या पद्धतीबद्दल हीच शंका काढली आणि त्यावर मोठा वाद झाला. आताच्या पेन्सिल बीम स्कॅनिंगमध्ये, म्हणजे बारीक झोत गाठीवर फिरवण्याच्या पद्धतीत, झोताच्या वाटेत धातूचे अडथळे कमी, म्हणून न्यूट्रॉनही कमी. शरीरात तयार होणारे मात्र टळत नाहीत. ते किती, हे कुणीतरी मोजायलाच हवं.

आणि मोजणं सोपं नाही. कॉलेजच्या लॅबमधला जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारी गायगर नळी, इथे कामाचा नाही. न्यूट्रॉन आधी पॉलिथिलीनमध्ये मंद करावा लागतो: त्यातल्या हायड्रोजनचं वजन न्यूट्रॉनइतकंच, म्हणून कॅरममध्ये एक सोंगटी दुसरीवर आदळून थबकते तसा तो वेग गमावतो. मग आतला हेलियम-३ वायू त्याला पकडतो. पण प्रोटॉन उपचारातले न्यूट्रॉन शंभर एमईव्हीच्याही वर जातात, तर साधा रेम-मीटर (न्यूट्रॉनची मात्रा दाखवणारं असंच यंत्र) वीसेक एमईव्हीच्या पुढे कमी दाखवू लागतो. म्हणून शिशाचा किंवा टंगस्टनचा थर असलेला मीटर वापरतात. कोणत्या ऊर्जेचे किती, हे हवं असेल तर लहानमोठ्या आकारांचे बॉनर गोल, म्हणजे आत मापक असलेले पॉलिथिलीनचे गोळे, लागतात. शिवाय काही यंत्रांचा झोत तुटक स्पंदांत येतो, तेव्हा मीटर गुदमरतो आणि आकडा खोटाच कमी येतो. मीटरचा आकडा डोळे मिटून लिहून घेणाऱ्याने या वाटेला येऊ नये.

आता वाट. ‘नीट’ची प्रवेश परीक्षा लागत नाही. एम.एस्सी. फिजिक्स, त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, हा जुना आणि भरवशाचा रस्ता. थेट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्सही असते, पण फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, चालतो का हे स्वतः तपासा. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. पुढे रेडिओथेरपी विभागात वर्षभर इंटर्नशिप आणि आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची, परीक्षा.

प्रोटॉन केंद्रावरच नोकरी, असा हट्ट नको. देशात ती मोजकीच आहेत: चेन्नईत २०१९ पासून, आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं केंद्र २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. पण साध्या लिनॅकवरही, म्हणजे क्ष-किरणांनी उपचार करणाऱ्या नेहमीच्या यंत्रावरही, १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) वर क्ष-किरण चालवले की न्यूट्रॉन निघतात. त्या खोलीच्या दारात बोरॉनयुक्त पॉलिथिलीन घालतात ते त्यासाठीच. म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयातही तिची न्यूट्रॉनशी गाठ पडू शकते. रोज हेच करायचं असेल तर पीएच.डी., आणि त्यासाठी आतापासून प्रोग्रॅमिंग. जिआंट४, फ्लुका यांसारख्या मॉन्टे कार्लो पॅकेजशिवाय, म्हणजे कणांचा प्रवास संगणकावर आजमावणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय, या संशोधनात पान हलत नाही.

तुमची भीती. झोत चालू असताना खोलीत रुग्णाशिवाय कुणी नसतं. कर्मचारी जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतात. छातीवर मात्रा नोंदवणारा बॅज असतो, त्याची नियमित तपासणी होते. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३०. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात बाळाला १ मिलीसीव्हर्टहून जास्त मात्रा मिळू नये, अशी कामाची आखणी करावी लागते, आणि हा नियम आहे, साहेबांची मेहेरबानी नव्हे. लग्नाचं म्हणाल, तर त्यात रेडिएशनचा काही संबंध नाही.

तूर्त तिला सांगा, शेवटच्या सेमिस्टरला न्यूक्लिअर फिजिक्सवरचा प्रोजेक्ट घे. डिप्लोमाच्या प्रवेशात बी.एस्सी.चे गुणही पाहतात, त्यामुळे टक्के साठच्या खाली जाऊ देऊ नयेत.