मर्काप्टोप्युरिनचा डोस सारखा बदलतो, म्हणजे औषध लागू पडत नाही का?

तुमच्या भाच्याला एएलएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) आहे, मेंटेनन्स (आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ चालणारा उपचाराचा टप्पा) सुरू आहे आणि महिन्याभरात मर्काप्टोप्युरिनचा (सिक्स-एमपी) डोस दोनदा बदलला, म्हणून तुम्ही घाबरून विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझ्या मुलीने ही गोळी जवळपास दोन वर्षं घेतली आणि याच प्रश्नाने माझीही झोप उडवली होती. डोस असा वर-खाली होणं म्हणजे औषध फसलं असं नाही. हे औषध द्यायची रीतच तशी आहे.

पेशी वाढताना नवा डीएनए तयार करतात आणि त्यासाठी त्यांना प्युरिन लागतं. मर्काप्टोप्युरिन हुबेहूब तसंच दिसतं, फक्त एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेला असतो. पेशी ते आपलं समजून उचलते, त्यापासून बनलेले रेणू डीएनएत शिरतात आणि तिची वाढ अडते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी हे औषध घडवलं. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पुढे १९८८ मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. त्याआधी या आजाराची मुलं बहुधा काही महिन्यांतच जायची. एकट्या या गोळीने आजार बरा होत नव्हता, पण इतर औषधांच्या जोडीने ती आजही उपचाराचा कणा आहे.

अडचण अशी, की निरोगी अस्थिमज्जाही झपाट्याने पेशी बनवत असते, त्यामुळे तिलाही फटका बसतो. म्हणून डॉक्टर काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) बघून डोस ठरवतात. बऱ्याच ठिकाणी न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटर रक्तात ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. काउंट फार वर राहिला तर डोस वाढवतात, फार खाली गेला तर कमी करतात किंवा थांबवतात. माझ्या मुलीचा काउंट ३०० पर्यंत खाली आला तेव्हा गोळी दहा दिवस बंद होती. ते दहा दिवस मला औषध चालू असतानाच्या दिवसांपेक्षा जड गेले. नंतर अर्ध्या डोसने पुन्हा सुरू केली.

प्रत्येकाच्या शरीरात हे औषध वेगळ्या वेगाने निकामी होतं. टीपीएमटी नावाचं एन्झाइम ते काम करतं आणि साधारण ३०० माणसांत एकाकडे ते जवळजवळ नसतंच. अशा मुलाला नेहमीचा डोस धोकादायक ठरतो. असाच धोका निर्माण करणारा एनयूडीटी१५ या जनुकातला बदल आशियाई लोकांमध्ये त्याहून जास्त आढळतो. या दोन्ही तपासण्या झाल्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गाउटवरचं ॲलोप्युरिनॉल सोबत चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने सिक्स-एमपीचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो.

आमच्याकडे ५० मिलिग्रॅमच्या फिकट पिवळ्या गोळ्या होत्या. सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दीड, असा डोस असायचा. फ्रिजवर तक्ता लावला होता, गोळी दिली की लगेच खूण. अर्धी गोळी करताना हातमोजे घालायचे, कारण भुकटी हाताला लागू द्यायची नसते. वेळही शक्यतो रोज एकच ठेवली.

मूल हसत-खेळत असलं की एखादा दिवस राहून जातो, आणि इथेच काळजी घ्या. ठरलेल्या डोसांपैकी ९५ टक्क्यांहून कमी डोस पोटात गेलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका वाढलेला दिसला आहे. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, डॉक्टरांना कळवा.

जोडीला मेथोट्रेक्सेट (याच उपचारातलं दुसरं औषध) असेल, तर त्या गोळ्या बहुधा आठवड्यातून एकदाच असतात. चुकून रोज दिल्या गेल्या तर जिवावर बेतू शकतं. आम्ही दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवायचो. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघा.