खरं, पण कोणाच्या संदर्भात?

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेल्ली यांनी १९९६ साली क्वांटम सिद्धांताचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राचा, ‘संबंधवादी’ अर्थ मांडला. वस्तूचे गुणधर्म तिच्या एकटीपाशी नसतात. दुसऱ्या वस्तूशी गाठ पडली की त्या दुसरीच्या संदर्भात ते ठरतात. त्यावर आलेले काही प्रश्न.

म्हणजे आपण पाहतो म्हणून जग आहे? मनच वास्तव घडवतं?

नाही. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण याच गैरसमजावर ‘क्वांटम उपचार’ विकले जातात. रोव्हेल्लींचा ‘निरीक्षक’ म्हणजे दगड, धुळीचा कण, एखादा अणू, काहीही चालतं. इलेक्ट्रॉनची अणूशी आंतरक्रिया झाली की त्या अणूच्या संदर्भात इलेक्ट्रॉनचा अमुक गुणधर्म ठरला. मनाचा संबंध कुठेच येत नाही.

वेग सापेक्ष असतो हे शाळेतच शिकलो. यात नवीन काय?

वेग सापेक्ष असला तरी घडलेली घटना सगळ्यांसाठी घडलेलीच असते. इथे ‘मोजणी झाली’ हेसुद्धा कोणाच्या तरी संदर्भातच खरं.

मग दोघांची वास्तवं वेगळी निघाली तर?

खरी अडचण हीच. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी ती १९६१ मध्ये एका काल्पनिक प्रयोगातून दाखवली. विग्नरचा मित्र बंद प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा स्पिन (मोजला की ‘वर’ किंवा ‘खाली’ असं उत्तर देणारा गुणधर्म) मोजतो, त्याला ‘वर’ असं उत्तर मिळतं. बाहेरच्या विग्नरच्या समीकरणात मात्र मित्र आणि इलेक्ट्रॉन मिळून अजून ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्या सुपरपोझिशनमध्येच आहेत, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्रच आहेत, एक ठरलेली नाही. बरोबर कोण? दोघंही, असं हा अर्थ म्हणतो.

विग्नरनं आत येऊन स्पिनही मोजला आणि मित्रालाही विचारलं, तर उत्तरं जुळतील याची हमी गणित देतं. पण मित्रानं आधी जे पाहिलं तेच तो आता सांगतोय, याची हमी मूळ मांडणीत नव्हती. जो तो आपल्या वास्तवात कोंडलेला! मग एकाचं निरीक्षण दुसऱ्यानं तपासायचं कसं? विज्ञान तर त्यावरच उभं आहे. म्हणून एमिली अ‍ॅडलम आणि रोव्हेल्ली यांनी २०२२ मध्ये एक गृहीतक जोडलं: मित्राची माहिती त्याच्या मेंदूत वा वहीत भौतिक रूपात असते आणि विग्नरनं नेमकी तीच मोजली तर त्याला तीच मिळते. मला ही भर आवश्यक वाटते. मात्र ती मूळ कल्पनेतून आपोआप निघत नाही, बाहेरून जोडावी लागते, हेही मान्य करायला हवं.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी हेच आधी सांगितलं होतं ना?

रोव्हेल्ली स्वतः त्यांचा आदरानं उल्लेख करतात. कशालाच स्वतःचा ‘स्वभाव’, म्हणजे इतरांपासून स्वतंत्र असं अस्तित्व, नाही, हे साम्य खरं आहे. पण नागार्जुनांना दुःख आणि आसक्ती यांतून सुटका हवी होती. त्यांना क्वांटम शास्त्रज्ञ ठरवलं की त्यांचं म्हणणं ऐकायचंच राहून जातं.

प्रयोगानं निकाल लागेल?

थेट नाही, भाकितं नेहमीच्या क्वांटम सिद्धांताचीच आहेत. पण सुपरपोझिशन आपोआप कोसळते, म्हणजे कोणाशी गाठ न पडताही एकच शक्यता उरते, असं दिसलं, तर समीकरणच बदलेल आणि हा अर्थ टिकणार नाही. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत तशा खुणा शोधल्या गेल्या आहेत. अजून एकही सापडलेली नाही.