'दुसरा स्तंभ काढा' : स्तंभ की रकाना, आणि काढा म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: टर्मिनलवर (संगणकाला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत) 'कट' (cut) किंवा 'ऑक' (awk) या आज्ञा वापरून फाइलीतला एक कॉलम मिळवायचा, तर मराठी सूचनेत 'दुसरा स्तंभ काढा' असं लिहिलेलं चालेल का? की 'रकाना' बरा?

रकाना बरा. स्तंभ म्हटलं की वरपासून खालपर्यंत उभी असलेली गोष्ट डोळ्यांसमोर येते, पण 'कट' एका वेळी एकच ओळ बघतो आणि त्या ओळीत विभाजकाने, म्हणजे रकाने वेगळे करणाऱ्या चिन्हाने, पाडलेले कप्पे मोजतो. शिवाय रकाना रिकामा असू शकतो, फॉर्मात आपण तो कोरा सोडतोच. 'लाल::गोल' या ओळीत विभाजक विसर्ग नव्हे, अपूर्णविराम आहे, आणि दोन अपूर्णविरामांमधला दुसरा रकाना कोरा आहे, 'गोल' तिसऱ्यात. विभाजक सांगितला नाही तर 'कट' टॅब धरतो. स्पेस सांगितली आणि शब्दांमध्ये दोन स्पेस पडल्या, तर त्यांच्या मधलाही कोरा रकाना मोजला जातो आणि हाती रिकामी ओळ येते. 'ऑक' मात्र आपणहून सलग स्पेस आणि टॅब मिळून एकच विभाजक समजतो, म्हणून तिथे '$२', म्हणजे दुसरा रकाना, नीट मिळतो.

खरा घोळ 'काढा'चा आहे. विहिरीतून पाणी काढलं की ते हाती येतं, कपड्यावरचा डाग काढला की तो जातो, आणि चित्र काढलं की नसलेलं काहीतरी तयार होतं. म्हणजे 'दुसरा रकाना काढा' वाचून एक जण तो मिळवेल, एक जण उडवेल, आणि वहीत रेघा मारायची सवय असलेला नवाच आखेल! 'कट -एफ २' ('-एफ' पुढे रकान्याचा क्रमांक) यातलं पहिलं काम करतो. दुसऱ्यासाठी ग्नूच्या (लिनक्सवर सहसा असणाऱ्या) 'कट'मध्ये '--कॉम्प्लिमेंट', म्हणजे 'हा सोडून बाकीचे', जोडावं लागतं. म्हणून पहिल्याला 'वेगळा काढा' आणि दुसऱ्याला 'वगळा' म्हणावं. 'कापा' तर नकोच, कारण मूळ फाइलीला धक्काही लागत नाही. ती जाते ती '>' (निकाल फाइलीत लिहायला सांगणारं चिन्ह) पुढे तिचंच नाव दिल्यावर: 'कट'ने वाचायच्या आधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती रिकामी करतं.

'तिसरा आणि पहिला रकाना द्या' हेही जपून. '-एफ ३,१' लिहिलं तरी 'कट' आधी पहिला देतो, मग तिसरा. क्रम महत्त्वाचा असेल तर 'ऑक'कडे जावं.

'कट'ला रकान्याऐवजी ओळीतली जागा मोजायला लावणारा '-सी' हा पर्याय आहे, तिथे 'अक्षर' म्हणण्याचा मोह टाळावा. 'क्षितिज'मधलं 'क्षि' आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये (ही चिन्हं साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी ३ प्रमाणे १२ बाइट. ग्नूच्या बऱ्याच आवृत्त्यांत '-सी' बाइटच मोजतो, त्यामुळे '-सी १' दिलं की 'क'सुद्धा पुरता येत नाही, नुसता तुटका चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. अख्ख्या 'क्षि'साठी '-सी १-१२' लागतं. तिथे सरळ 'बाइट' लिहावं.