दोन इको, दोन रिपोर्ट

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज आला. तालुक्याला टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात ‘महाधमनीची झडप किंचित गळते’ एवढंच लिहून आलं. नागपूरच्या इकोत ‘झडपेला चार पाकळ्या’ असं निघालं. खरं कोणाचं धरू? ऑपरेशन लागेल का? कापूस वेचणी सुरू आहे, जीव थाऱ्यावर नाही.
– एक आई, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. गळती पहिल्या इकोत दिसली, तिचं कारण दुसऱ्या इकोत सापडलं.

महाधमनी म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी. तिच्या तोंडावरच्या या झडपेला सहसा तीन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोघांना दोनच असतात. चार मात्र हजारांत एखाद्यालाही नसतात. त्यात छातीवर प्रोब (इको यंत्राचा हातात धरायचा भाग) लांबीत धरला, तर पाकळ्या कितीही असोत, पडद्यावर दोनच दिसतात. गळती कळते, संख्या कळत नाही. म्हणून इको करताना मी लेकराला डाव्या कुशीवर निजवते, प्रोब तिथल्या तिथे फिरवून झडप आडवी, गोल दिसेपर्यंत थांबते. मग चित्र गोठवून एकेक फ्रेम मागे-पुढे करते. झडप मिटली की तीन रेघा मध्यात भेटायला हव्यात. चार पाकळ्या असतील तर सरळ फुली दिसते आणि रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉपलरमध्ये गळती बहुतेकदा त्या फुलीच्या मधोमध निघते. झडप उघडतानाही पाहावंच लागतं. दोन पाकळ्यांच्या झडपेत बहुतेकदा जोडाची एक रेघ असते, त्यामुळे मिटलेली असताना ती तीनचीच वाटते. यात मूल रडत असेल तर काहीच नीट दिसत नाही. ते शांत होईपर्यंत वाट पाहणं हा तपासणीचाच भाग आहे, असं मी मानते.

किंचित गळतीला ऑपरेशन लागत नाही. मात्र ती पुढे वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला इको चुकवू नका. डाव्या कप्प्याचा आकार, त्याची पंपाची ताकद आणि महाधमनीची रुंदी दर वेळी लिहून मागा. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या जागेवरून निघतात का, हेही एकदा विचारा. अशा झडपेसोबत कधीकधी त्यांत दोष असतो. दात किडू देऊ नका, तिथले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. धाप, चक्कर किंवा छातीत दुखणं दिसलं तर मात्र वेचणी बाजूला ठेवा, त्याच दिवशी निघा.

शाळेतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली असेल, तर पुढच्या मोफत तपासण्यांसाठी यवतमाळच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. जाताना नागपूरच्या इकोचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागून न्या, नुसता कागद नको.